उगवतीकडची खिडकी

मी विलायतेत दोन वर्षं राजपुत्र होतो, ही गोष्ट न ऐकलेला माणूस देवपुरात आता सापडायचा नाही. पांझरा नदीच्या दोन्ही काठांवर ती सांगून झाली आहे. पंगतीत सांगतो, गिरणीच्या रंगखात्यात सांगतो, बारशालाही सांगतो, आणि आग्रह झाला तर हत्ती कसा डुलतो ते उठून दाखवतो. पोटाचा घेर वाढल्यापासून हत्ती जास्त चांगला वठतो.

गेल्या वैशाखात चोपड्याला एका लग्नात असाच रंगलो होतो. हत्ती झाला, टाळ्या झाल्या. मी घाम पुसत बसलो, तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी काठी टेकत आली. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून तिने विचारलं, "तू मास्तरना वसंता ना रे? इलायतमा गयथा तो?"

मी हो म्हटलं.

"मी उखानी बहीण. मना भाऊले तूच खोली दिन्ही ना? खिडकीनी?"

मग तिने दोन्ही तळवे माझ्या गालांवरून फिरवले, आपल्या कानशिलांवर नेऊन बोटं कडाकडा मोडली आणि भोवतालच्या बायकांना सांगायला लागली. लढाई सुरू होण्याआधी तिच्या भावाचं शेवटचं पत्र आलं होतं. मास्तरांच्या वसंताने मला तो राहतो त्याच घरात खोली मिळवून दिली, खिडकी उगवतीकडे आहे, सकाळी ऊन थेट अंथरुणावर येतं, असं त्यात लिहिलं होतं. ते पत्र ती अजून कोणा ना कोणाकडून वाचून घेते. बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी हात जोडले. योग्य वेळी हात जोडण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे.

ती खोली तिच्या भावाला, उखानानांना, कधीच मिळाली नाही, आणि मिळाली नाही ती माझ्यामुळे. राजपुत्राच्या गोष्टीतून मी दर वेळी एक माणूस गाळत आलो आहे. आज हत्ती बाजूला ठेवतो आणि त्या माणसाविषयी लिहितो.

पण हत्तीशिवाय सुरुवातच होत नाही, त्याला इलाज नाही.

एका संस्थानाची शिष्यवृत्ती मिळवून मी कापडाची रंगाई शिकायला मँचेस्टरला गेलो. माझे वडील चोपड्याला प्राथमिक शाळेत मास्तर. पहिल्या दिवशी ट्रंक हातात घेऊन मी खोली शोधत हिंडलो. खिडकीत 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असायची. दार उघडायचं, बाई माझा रंग पाहायची आणि खोली आत्ताच गेली म्हणून सांगायची. पाटी तिथेच लटकत असायची. सात दारं अशी झाली. आठव्या दारात मिसेस हॉब्सन उभी राहिली तेव्हा पाऊस माझ्या कॉलरमधून आत शिरून बुटांतून बाहेर पडत होता. तिने तोंड उघडण्याआधी मी शिष्यवृत्तीचं पत्र पुढे केलं. त्यावर संस्थानची सोनेरी मुद्रा होती. तिने ती पाहिली, मला पाहिलं आणि हळूच विचारलं, हे तुमचं राज्य का?

मी म्हटलं, वडिलांचं.

हत्ती आहेत का, असं तिने विचारलं. मी चार म्हणालो. चार हा आकडा मला फार वाटला, म्हणून एक आजारी असल्याचंही सांगितलं. मिसेस हॉब्सनचं मन त्या आजारी हत्तीने जिंकलं. पुढची दोन वर्षं ती त्याची तब्येत विचारत होती आणि मी त्याला कधी बरं, कधी पुन्हा आजारी करत होतो.

अशा रीतीने मी विलायतेत स्थिरावलो. उकडलेल्या कोबीशी जमवून घेतलं. आठवड्यातून एकदा अंघोळ ही गोष्ट पचवली. संडासात लोट्याचं काम मी फुलदाणीवर भागवायचो. मिसेस हॉब्सन समजायची की राजघराण्यातल्या लोकांना पहाटे फुलांशिवाय करमत नाही. सगळं मिळालं होतं. फक्त आपल्या माणसासारखं बोलायला कोणी नव्हतं.

एकदा शनिवारी घाऊक फळबाजारातून चाललो असताना एका लोखंडी जाळीखालून पिकत्या केळ्यांचा वास वर आला आणि त्याच्या मागून आवाज आला, "गुरुवारले पिकनंच पडी, समजनं का?"

मी रस्त्यातच थबकलो. दगडी जिना उतरून खाली गेलो. तळघरात छतापासून हिरवे घड टांगलेले, भिंतींशी गॅसच्या बारीक ज्योती, आणि मध्ये एक उंच, वाळका माणूस घडांना दम भरत होता. अंगावर इंग्रजी कोट, त्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. डोक्याला मफलर फेट्यासारखा गुंडाळलेला आणि त्या फेट्यावर गोल घुमटीची बाऊलर हॅट. मी आपल्या भाषेत 'राम राम' म्हणालो. त्यांनी गॅसच्या उजेडात माझं तोंड धरून वळवलं, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं आणि म्हणाले, हे नाक तर मास्तरांचं आहे.

हे उखानाना. चोपड्याला आमच्या मागच्या आळीतले. जंगलखात्याचा एक साहेब सातपुड्यात होता, त्याच्याकडे ते नोकरीला होते. साहेब निवृत्त होऊन मायदेशी निघाला तेव्हा त्याने नानांनाही सोबत आणलं. वर्षभरात साहेब वारला, मडमेने घर मोडलं, आणि नानांच्या वाट्याला साहेबाचा कोट आणि बूट तेवढे आले. काम शोधत ते या बाजारात पोचले. तिथे इंग्रज गडी केळी पिकवताना पाहून त्यांना राहवलं नाही. त्या लोकांची सगळी भिस्त भिंतीवरच्या उष्णतामापकावर. नाना मनगटाची आतली बाजू घडाला लावायचे, जशी आई तापल्या मुलाच्या कपाळाला लावते, मग फळाच्या शेंड्याशी नाक नेऊन डोळे मिटायचे आणि सांगायचे, हा बुधवारचा, हा शुक्रवारचा. घड त्याच दिवशी पिवळा व्हायचा. मालकाने एकदा परीक्षा घेतली, दुसऱ्यांदा घेतली, आणि तिसऱ्यांदा नानांना कामावर ठेवलं. तेव्हापासून अकरा वर्षं ते तिथेच होते. झोपायचेही तिथेच, घडांच्या मागच्या फळीवर. घराबाहेरच्या पाट्यांचा त्यांचा अनुभव माझ्यासारखाच होता आणि त्यांच्याकडे हत्ती नव्हते.

इंग्रजीचे त्यांना शंभरेक शब्द येत होते. ते संपले की आपल्या नात्यांवर यायचे. हमाल सगळे भाऊ. म्हातारा मालक आबा. चहाच्या टपरीवरची बाई अक्का. त्या लोकांना वाटायचं की या हिंदुस्थानी पदव्या आहेत. एक तांबड्या मिशांचा हमाल मला छाती काढून म्हणाला होता की, मी भाऊ आहे. पलीकडच्या बटाट्यांच्या ओळीत एकही भाऊ नाही. सकाळी सगळा बाजार त्यांना 'मॉर्निंग, नाना' म्हणायचा.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागलो. ज्वारी नाही म्हणून ते ओटच्या पिठाची भाकरी थापायचे आणि कोळशाच्या फावड्यावर भाजायचे. त्यासाठी एक नवं फावडं त्यांनी वेगळं ठेवलं होतं. त्याला कोळसा लागू दिला नाही. भाकरीबरोबर लाल मिरचीचा ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मिरचीचं होतं असं मी सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. मिसेस हॉब्सनला मी सांगायचो की, वाचनालयात जातो.

नानांची एकच तक्रार होती. चोपड्याला रोज अंघोळ झाली की ते उगवत्या सूर्याला तांब्याभर पाणी सोडायचे. इथे तळघरात सूर्य कुठून येणार? तरी रोज पहाटे पेला घेऊन ते जिन्याने वर यायचे, कोपऱ्यावरच्या पोलीसभाऊला पूर्व कुठली ते विचारायचे आणि गटाराच्या तोंडाशी पाणी सोडायचे. अकरा वर्षांत त्यांना पूर्व ठाऊक झाली नसेल का? पण विचारायचे. मला वाटतं, सूर्याची चौकशी करण्याचा तो एक बहाणा होता. मी एकदा थट्टेने म्हटलं, नाना, या गावात सूर्य नाहीच. ते म्हणाले, "शे रे. धूर बठ्ठा आडवा येस, त्याले तो काय करी?"

पहिल्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरने छाती तपासून सांगितलं की, पुढच्या थंडीच्या आत तळघरातली झोप सोडायची. वर राहा, जिथे हवा आणि ऊन येईल अशा जागी. भाडं भरायची त्यांची ऐपत होती. दार उघडणारं माणूस हवं होतं.

आणि एका रविवारी, तोंडात भाकरी असताना, माझ्याच तोंडून निघून गेलं की आमच्या घरातली मागची खोली रिकामी झाली आहे आणि तिची खिडकी पूर्वेला आहे.

नानांनी हातातली भाकरी खाली ठेवली. खोली केवढी, महाग आहे का, काही विचारलं नाही. "माले खिडकीच जोयजे," म्हणाले. "तू सांगशी तर ती बाई देई. तुना शब्द शे तठे."

माझा शब्द होताच तिथे. पण तो राजपुत्राचा होता. मिसेस हॉब्सनला मी सांगितलं की, माझ्या देशातले एक वयस्क गृहस्थ येणार आहेत. कोण, हे तिनेच ठरवलं: दिवाण असतील. मी नाही म्हटलं नाही. उलट मला ती कल्पना आवडली. मी नानांना जाऊन पढवलं की ताठ बसायचं, कमी बोलायचं, दिवाणजी म्हणतील तर म्हणू द्यायचं. तेव्हाच माझं सगळं सोंग मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं. हत्तींचं ऐकून ते खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, मास्तरांकडे एक शेळी होती, तीही आटलेली. मग म्हणाले, ठीक आहे, एक दिवस दिवाण होऊ.

त्या रविवारी चार वाजता ते आले. कोटाला इस्त्री, नवी कॉलर, मिशीला तेल. दिवाणखान्यात चहा मांडलेला. तिथे मिसेस हॉब्सन होती आणि तिची धाकटी बहीण मिस ॲग्नेस होती. ही बहीण कुठे नोकरी करते हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं. नाना दारात आले आणि माझे गुडघे आपोआप उठायला निघाले. आपल्याकडे वडीलधारं माणूस उभं असताना कोण बसून राहतं? मी अर्धा उठलो, राजपुत्राने दिवाणासाठी उठायचं की नाही हे मला आठवेना, आणि तसाच अर्ध्यावरून परत बसलो. नानांनी ते पाहिलं.

ते खुर्चीवर बसले, ताठ. मिसेस हॉब्सनने कप पुढे केला. कप घ्यायला नानांनी हात पुढे केला, आणि मिस ॲग्नेसचं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. केळीच्या चिकाचे डाग कशानेही जात नाहीत. अकरा वर्षांच्या चिकाने ती बोटं नखांपर्यंत काळी झाली होती. तिने बोटं पाहिली, मग तोंड पाहिलं. म्हणाली, हा तर केळ्यांच्या तळघरातला नाना. सहा महिने झाले, मी त्याच बाजारात हिशेबाला बसते, रोज याला पाहते.

तिच्या बोलण्यात विष नव्हतं. ओळखीचा माणूस भेटल्याचा आनंदच होता. पण मिसेस हॉब्सनने कप मागे घेतला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "प्रिन्स, हे कोण आहेत?"

उत्तर अगदी सोपं होतं. हे माझ्या गावचे नाना आहेत, माझ्या वडिलांहून मोठे आहेत, मी यांच्या हातची भाकरी खातो, माझे वडील मास्तर आहेत आणि आमच्याकडे एकही हत्ती नाही. एवढं बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मला मिळाला होता. मी घड्याळाकडे पाहत होतो, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. मनात एकच विचार चालला होता: ही बाई मला घालवेल आणि मला पुन्हा ट्रंक घेऊन पावसात सात दारं हिंडावी लागतील.

नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ते उठले. मिसेस हॉब्सनच्या हातातला कप अदबीने काढून घेतला, तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, मान खाली घातली आणि आपल्या शंभर शब्दांतले नेमके शब्द निवडून म्हणाले, "सर्व्हंट, मॅडम. हिज फादर्स हाउस. ओल्ड सर्व्हंट."

मी कप घेतला.

चहाही प्यायलो. नानांनी मला दुसऱ्यांदा साखर विचारली, बहिणींना बिस्किटं दिली आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. साहेबाच्या घरी त्यांनी हे काम केलेलंच होतं, त्यामुळे सोंग फार सुरेख वठलं. मिसेस हॉब्सनचे डोळे भरून आले. केवढी निष्ठा, म्हणाली. राजपुत्राच्या मागे समुद्र ओलांडून आला. खोलीविषयी मात्र तिने दुःखाने मान हलवली. धनी आणि नोकर एका मजल्यावर कसे राहतील? कोळशाच्या खोलीशेजारी तळात एक जागा आहे, ती हवी तर देईन.

नाना म्हणाले, तळघर माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवसापासून मला नाश्त्याला एकाऐवजी दोन अंडी मिळू लागली.

पुढच्या रविवारी मी भाकरीला गेलो नाही. परीक्षा आली होती. ती नसती तर दुसरं काही आलं असतं. नानाच दर शुक्रवारी आमच्या घरी यायला लागले, मागच्या दाराने. केळ्यांची फणी मिसेस हॉब्सनच्या हाती द्यायचे, सरकार बरे आहेत का विचारायचे आणि निघून जायचे. माझं सोंग मी एकदा लावलं आणि ते बिचारे दर आठवड्याला त्याला रंग देत होते. मी वरच्या खिडकीतून त्यांची हॅट गल्लीच्या टोकाशी वळताना पाहायचो.

एकदा मिसेस हॉब्सन हसत हसत नाश्ता घेऊन आली. तुमच्या माणसाने आज गंमत केली, म्हणाली. पहाटेच आला आणि मागची रिकामी खोली पाच मिनिटं पाहू द्याल का, असं त्याने विचारलं. तिने वर जाऊ दिलं. त्याने खिडकी उघडली, खिशातून पेला काढला, आमच्या नळाचं पाणी भरलं आणि डोळे मिटून ते खिडकीबाहेर ओतलं. "प्रिन्स, त्याने माझ्या कचऱ्याच्या डब्यांना पाणी घातलं," ती म्हणाली आणि खुर्चीला धरून हसली.

त्या दिवशी ऊन पडलं होतं का, हे मला विचारायचं होतं. पण मी तिच्याबरोबर हसलो. चांगला पोट धरून हसलो. त्याच आठवड्यात ती खोली बटणांच्या एका फिरत्या विक्रेत्याला गेली. सूर्य येतो म्हणून तो पडदा लावून झोपायचा.

पुढच्या हिवाळ्यात नाना तळघरातच झोपले. खोकल्याचा आवाज मी ऐकला नाही, कारण मी तिथे जात नव्हतो. लढाईत त्या शहरावर बाँब पडले तेव्हा लोक जीव वाचवायला तळघरांत उतरायचे, असं इकडे जळगावच्या एका वर्तमानपत्रात आलं होतं. ते वाचून मला बरं वाटलं होतं. तळघरात माणूस सुरक्षित असतो, असं मी मोठ्याने म्हणालो आणि बायकोने विचारलं, कोण माणूस?

शिक्षण संपवून मी निघालो तेव्हा राजपुत्राला निरोप द्यायला मिसेस हॉब्सन आणि मिस ॲग्नेस स्टेशनवर आल्या. आजारी हत्तीसाठी मिसेस हॉब्सनने लोकरीचं एक कानटोपरं विणलं होतं. मापाचा अंदाज नसल्याने ते माझ्या डोक्याला बरोबर बसायचं; आजही थंडीत घालतो. माझी ट्रंक डब्यापर्यंत आली ती नानांच्या खांद्यावर. मी हमाल पाहत होतो आणि ते मागून येऊन ट्रंक उचलून मोकळे झाले होते. कोटाच्या आत ते पहिल्याच्या निम्मे उरले होते. ट्रंक ठेवली आणि कागदात गुंडाळलेली हिरव्या केळ्यांची एक फणी माझ्या हाती दिली. हळूच म्हणाले, "पोर्ट सैदले पिकतीन. त्याना पहिले हात लावजो नको."

आपल्या घरचा कोणीही माणूस अशा वेळी काय करेल ते सांगायला नको. परदेशातून निघताना वडीलधाऱ्याच्या पाया न पडता कोणी गाडीत चढत नाही. माझी कंबर ते जाणत होती. ती वाकायला निघाली. मिसेस हॉब्सन चार हातांवर रुमाल घेऊन उभी होती. मी कंबर मध्येच थांबवली, बुटाची नाडी पाहिल्यासारखं केलं. नाडी बांधलेली होती.

आणि तेव्हा खाली वाकल्या मानेने मला दिसलं की नानांचे पाय, साहेबाच्या जुन्या, मापाला मोठ्या बुटांतले ते दोन पाय, सावकाश मागे सरकले. आधी एक, मग दुसरा. ट्रंकांच्या हातगाडीच्या मागे गेले आणि दिसेनासे झाले. पाय समोर नसले म्हणजे पोराने नमस्कार चुकवला असं कोणाला म्हणता येत नाही.

मी वर पाहिलं तेव्हा त्यांची मान दुसरीकडे होती. मी डब्यात चढलो.

केळी पोर्ट सैदला, ज्या दिवशी बोट धक्क्याला लागली त्या सकाळी, सगळी एकदम पिवळी झाली.